पॅलवर्ल्डमध्ये फीड बॉक्स भरलेला असतानाही पॅल उपाशी राहतात, त्यावर उपाय

लक्षण आधी नीट सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं ते कळेल. फीड बॉक्स, म्हणजे पॅलचं अन्न ठेवायची पेटी, उघडला तर आत लाल बेरींचा ढीग. बेसमधल्या, म्हणजे गेममध्ये आपण बांधलेल्या तळावरच्या, पॅलच्या (पकडून कामाला लावलेल्या प्राण्यांच्या) डोक्यावर मात्र भुकेचं चिन्ह. कोणी काम सोडून बसलाय, कोणी आडवा पडलाय. तुम्ही जाऊन हाताने चार बेरी भरवता, तो उठतो, कामाला लागतो, तुम्ही निघता. गेममधली एखाद-दुसरी रात्र सरते आणि तोच पॅल पुन्हा तसाच पडलेला. मग तुम्ही आणखी बेरी गोळा करून ओतता. बॉक्स आणखी भरतो, पॅल उपाशीच.

बेरी ओतणं आधी थांबवा. भरल्या बॉक्सशेजारी पॅल उपाशी राहत असेल तर बहुतेक वेळा अन्न कमी नसतं, अन्नापर्यंत जायची वाट बंद असते. बाकीची कारणंही आहेत, त्यांच्याकडे येतो, पण शोध इथून सुरू केला तर निम्म्या लोकांचं काम पहिल्या दहा मिनिटांत होईल.

हा गेम १९ जानेवारी २०२४ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला, आला, आणि ही तक्रार जवळपास तेव्हापासूनची. गेम बनवणाऱ्या टोकियोच्या पॉकेटपेअरने नंतरच्या अपडेटमध्ये बेसवरच्या पॅलच्या चालण्या-फिरण्यावर बरंच काम केलंय. सुरुवातीला लाकूडतोडीच्या जागेवर चढून बसलेला पॅल तिथेच मुक्काम ठोकायचा, तसं आता कमी होतं. पण मुळातून गेलेलं नाही, कारण बेस तुम्ही कसा बांधाल यावर त्यांचा ताबा नाही. आणि आपल्यातले बरेचजण ऑफिस, लोकल, जेवण उरकून रात्री अकराला खेळायला बसतात. तासाभराचा खेळ, त्यातला अर्धा वेळ उपाशी मेंढरांना भरवण्यात घालवायचा म्हणजे वैताग आहे.

घाबरू नका एवढंच आधी सांगतो. साध्या सेटिंगमध्ये बेसवरचा पॅल भुकेने कायमचा मरत नाही. निपचित पडलाच तर पॅलबॉक्समध्ये (बेसवरचं पॅल ठेवायचं-काढायचं यंत्र) ठेवा, दहा मिनिटांत शुद्धीवर येतो. म्हणजे शांतपणे बघायला वेळ आहे.

कोण उपाशी आहे ते आधी बघा

पॅलबॉक्सपाशी जा आणि बेसवर लावलेल्या सगळ्यांची यादी उघडा. प्रत्येकाची भूक आणि सॅन, म्हणजे मनाची अवस्था, तिथे दिसते. आता एकच प्रश्न: एक-दोघंच उपाशी आहेत, की अख्खा बेस? आणि तुम्ही खेळत असताना सगळं ठीक असतं पण दुसऱ्या दिवशी लॉगिन केल्यावर सगळे आडवे दिसतात, असं आहे का?

ही तीन वेगळी दुखणी आहेत. एक-दोघंच उपाशी म्हणजे ते कुठेतरी अडकलेत. सगळेच उपाशी म्हणजे अन्नाच्या साखळीत कुठेतरी खंड आहे. आणि तुम्ही नसतानाच होत असेल तर गोष्ट सर्व्हरची आहे. लोक या तिन्हीवर एकच औषध देतात, ते म्हणजे बेरी, आणि म्हणून महिनोन्‌महिने तेच चालतं.

एक-दोघंच उपाशी असतील तर

हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. यात पॅलची यादी बघून भागत नाही, पॅल स्वतः कुठे उभा आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं.

माझी मुलुंडची मावसबहीण या गेममध्ये पेंगलेटांच्या, म्हणजे पेंग्विनसारख्या पॅलच्या, प्रेमात पडलेली. तिचा फोन आला तोच तक्रार घेऊन. “दादा, माझं एक पेंगलेट रोज उपाशी मरतं. बाकीचे धडधाकट आहेत. त्याला काही रोग आहे का?” मी म्हटलं, “रोगबिग काही नाही गं. त्याला भरवू नकोस आता. नुसती लांब उभी राहा आणि ते जेवायला निघतं का बघ. स्क्रीन शेअर कर.”

भूक लागली तसं पेंगलेट शेताकडून वळलं. सरळ फीड बॉक्सच्या दिशेने डुलत डुलत निघालं, आणि भिंतीला लागून ओळीने ठेवलेल्या पेंढ्याच्या बिछान्यांपाशी येऊन थांबलं. दोन बिछान्यांच्या मधे जेमतेम त्याच्या अंगाएवढी फट. त्यात ते शिरलं, पुढे लाकडाची पेटी. जागच्या जागी पावलं टाकत राहिलं, पाय चालतायत, अंग हलत नाही. मग वळलं, परत शेताकडे गेलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बॉक्स त्याच्यापासून चार हातांवर होता. “अगं बाई,” ती म्हणाली, “हे तर रोज इथेच घुटमळतं, मला वाटायचं त्याला झोपायचंय.” एक बिछाना उचलून पलीकडे ठेवला, पेटी सरकवली. पेंगलेट गेलं आणि खाऊन आलं.

हे असं का होतं? गेम जमिनीवरचा चालण्याजोगा भाग मोजून ठेवतो आणि त्यावरून पॅलला वाट आखून देतो. तुम्ही भिंत, पेटी, बिछाना, जिना ठेवलात की तो भाग बदलतो. आखलेली वाट आणि पॅलच्या अंगाची खरी रुंदी जुळली नाही की पॅल अडतो. आणि ढकलाढकलीत एखादा पॅल छपरावर, लाकूडतोडीच्या ओंडक्यावर किंवा दगडांच्या ढिगावर चढला, तर त्या जागेवरून खाली उतरायची वाटच आखलेली नसते. तो तिथे उभा राहतो, आणि भूक त्याची चालूच असते.

म्हणून शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिलं छप्पर. मान वर करून बघा, निम्मे हरवलेले पॅल तिथे सापडतील. मग लाकूडतोडीची आणि दगडाची जागा, तिच्या वरचा भाग. मग भिंत आणि पेट्यांच्या मधली बोळ. मग जिन्याखालची जागा. आणि उतारावर बेस असेल तर फाउंडेशनची खालची कड: फाउंडेशन एका बाजूला जमिनीला टेकतं आणि दुसऱ्या बाजूला हवेत राहतं, तिथे गुडघाभर पायरी तयार होते. तुम्ही उडी मारून चढता, तुमच्या लक्षातही येत नाही. लॅमबॉलसारखा गोलमटोल पॅल मात्र तिथे अडतो.

तात्पुरता उपाय सगळ्यांना माहीत असतो: पॅलबॉक्स उघडा, त्या पॅलला बेसच्या यादीतून काढा, पुन्हा लावा. तो पॅलबॉक्सच्या आसपास नव्याने उभा राहतो. किंवा जवळ जाऊन उचला आणि मोकळ्या जागेत सोडा. पण ही फक्त सुटका झाली. अडकायची जागा तशीच असेल तर उद्या तोच किंवा दुसरा तिथेच अडकणार. ‘रोज काढतो, रोज लावतो’ असं म्हणणारे लोक याच पायरीवर थांबलेले असतात.

कायमचा उपाय बांधकामात आहे. पॅलबॉक्सच्या भोवतीची जागा मोकळी ठेवा, तिथे छप्पर तर अजिबात नको. पॅल तिथेच उभे राहतात, वर छप्पर असलं की काहीजण छपरावर उगवतात. फीड बॉक्स भिंतीत घुसवून ठेवू नका. चारही बाजूंनी जाता येईल असा, उघड्यावर, तळमजल्यावर ठेवा. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि खाली शेत ही कल्पना दिसायला झकास, पण पॅल जिने फार बेभरवशाने चढतात.

आणि जागा सोडा. मुंबईच्या माणसाचा हा स्वभावच आहे, दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि देव्हारा बसवायची सवय लागलेला माणूस गेममध्येही इंचइंच वापरतो. इथे ती सवय नडते. दोन वस्तूंमधून तुमच्या बेसवरचा सगळ्यात मोठा पॅल आरामात जाईल एवढं अंतर हवं. सगळ्यात लहान नव्हे, सगळ्यात मोठा. कारण मोठा पॅल मधे अडला की त्याच्या मागचे लहानही अडतात.

त्यावरून आठवलं. मॅमोरेस्ट बेसवर ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, पाठीवर अख्खी बाग घेऊन फिरणारा हत्ती कोणाला नको असतो. पण छोट्या बेसवर तो ठेवू नका. लागवड, लाकूडतोड, खाणकाम त्याला येतं हे खरं, पण तीच कामं छोटे पॅल वाटून करतात आणि कुठेही अडकत नाहीत. लागवडीला आणि वेचणीला लिफमंक किंवा टॅन्झी, वाहतुकीला कॅटिव्हा. दिसायला साधा संघ आहे, पण हे सगळे दारातून जातात.

अख्खा बेस उपाशी असेल तर

फीड बॉक्स खरंच भरलेला आहे का, हे आता पुन्हा बघा. मी हसत नाहीये. बरेचजण बेरी साध्या लाकडी पेटीत टाकतात आणि पेटी फीड बॉक्सच्या शेजारी असते म्हणून चालेल असं समजतात. पॅल पेटीतून खात नाहीत. आणि फीड बॉक्स बेसच्या निळ्या कड्याच्या आतच हवा.

तो रिकामा होत असेल तर शेताची साखळी तपासा. बेरीच्या शेताला तीन वेगळी कामं लागतात, लागवड, पाणी आणि वेचणी, आणि चौथं म्हणजे वेचलेलं उचलून बॉक्समध्ये नेणं. यातलं एक जरी बंद पडलं तरी शेत थांबतं. थांबलेलं शेत कसं दिसतं त्यावरून कळतं: बिया पेरल्या आहेत आणि पुढे काही नाही, तर पाणी अडलंय. फळं लगडलेली आहेत पण कोणी हात लावत नाही, तर वेचणारा नाही. बेरींची गाठोडी जमिनीवर पडून आहेत, तर वाहतूक.

सगळ्यात जास्त वेळा अडतं ते पाणी, आणि त्याचं कारण लोकांना दिसत नाही. क्रशर (दगड फोडायचं यंत्र) आणि गिरणी, दोन्ही पाण्याच्या कामावर चालतात. तुमच्याकडे पाणी घालणारा एकच पेंगलेट, आणि तुम्ही क्रशरमध्ये दगडांची मोठी थप्पी लावून गेलात, की तो तिकडे अडकून राहतो आणि शेत कोरडं. बेस दिसायला जोरात चाललेला असतो, सगळे घाम गाळतायत, आणि रात्रीपर्यंत बॉक्सचा तळ दिसतो. पाणी घालणारे दोन ठेवा, किंवा एकाला उचलून शेतावर सोडा म्हणजे तो त्या कामाला बांधला जातो. मॉनिटरिंग स्टँड असेल तर तिथे एकेका पॅलला कोणतं काम करायचं आणि कोणतं नाही हे ठरवता येतं. पेंगलेटचं हातकाम आणि वाहतूक बंद करून टाका, त्याला लुडबुड करायची फार हौस.

त्याच मॉनिटरिंग स्टँडवर कामाचा जोर ठरवायची सोय आहे. तो वर चढवून ठेवला असेल तर खाली आणा. जास्त राबवलेल्या पॅलची सॅन भराभर घसरते, आणि सॅन घसरलेला पॅल बघायला अगदी उपाशी पॅलसारखाच दिसतो: काम सोडून बसतो, आडवा पडतो. लोक त्याला बेरी भरवत बसतात. म्हणून सुरुवातीला म्हटलं, यादीत दोन्ही पट्ट्या बघा. भुकेची पट्टी भरलेली आणि सॅन तळाला असेल तर त्याला अन्न नको, विश्रांती हवी. प्रत्येकाला स्वतःचा बिछाना, एक गरम पाण्याचं कुंड, आणि कच्च्या बेरींऐवजी शिजवलेलं काहीतरी. कुंडालाही वाट मोकळी हवी, हे पुन्हा सांगायला नको.

सॅन फार दिवस खाली राहिली की आजार जडतात: अल्सर, नैराश्य, शिवाय ताणामुळे खाण्याचं तंत्र बिघडणं. हा शेवटचा आजार जडलेला पॅल एकटा बॉक्सची बरीच वाट लावतो. पॅलच्या माहितीच्या पानावर आजाराचं नाव दिसतं, आणि वेगवेगळ्या आजारांना वेगवेगळ्या ताकदीचं औषध लागतं. सर्दी-मुरगळीला साधं चालतं, पुढच्यांना चालत नाही. औषधाच्या टेबलावर काम करायला औषध बनवता येणारा पॅल लागतो. लिफमंक तिथेही कामाला येतो.

आणखी एक बारीक गोष्ट. पैदाशीच्या शेतासाठी केलेला केक फीड बॉक्समध्ये ठेवू नका. पीठ, बेरी, दूध, अंडी आणि मध, एवढा खटाटोप करून बनवलेला केक लॅमबॉल येऊन सहज फस्त करतो. तो पैदाशीच्या शेताच्या स्वतःच्या पेटीत ठेवायचा.

अन्न नासण्याबद्दल थोडक्यात: बेरी कधी ना कधी खराब होतात. बेसवर खाणारे कमी आणि बॉक्समध्ये ढीग मोठा असेल तर नासाडीच होते. पुढे थंड ठेवणारा फीड बॉक्स मिळतो, त्याला गारवा देणारा पॅल लागतो. तोपर्यंत ढीग लहान ठेवा, बस. आणि एका मोठ्या ढिगापेक्षा दोन ठिकाणी दोन बॉक्स बरे, एक शेतापाशी, एक खाणकामापाशी. चालायचं अंतर कमी झालं की अडकायची संधीही कमी होते.

फक्त तुम्ही नसताना होत असेल तर

एकट्याने खेळत असाल तर गेम बंद केला की जग थांबतं. पॅलची भूकही थांबते. मित्राने चौघांचा कोडवाला खेळ सुरू केला असेल तर तो बाहेर पडला की सगळंच थांबतं. म्हणजे या दोन प्रकारांत ‘मी नसताना उपाशी राहिले’ असं होत नाही. तुमच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं, तुम्ही दुसऱ्या बेटावर अंडी शोधत होतात एवढंच.

डेडिकेटेड सर्व्हरची, म्हणजे फक्त गेमचं जग चालवणाऱ्या वेगळ्या कॉम्प्युटरची, गोष्ट वेगळी. तो चालू असतो तोवर जग चालू. आणि मुंबईत मित्रमंडळी सर्व्हर भाड्यानेच घेतात, त्याला कारण आहे. इमारतीतल्या केबलवाल्याचं इंटरनेट असेल तर बऱ्याचदा एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरवर ८२११ हा यूडीपी पोर्ट उघडून काही होत नाही, डोंबिवलीच्या मित्राला तुमचं जग दिसतच नाही. मग वर्गणी काढून सर्व्हर घेतला जातो, आणि तो रात्रंदिवस चालू राहतो. तुम्ही सकाळी आठची लोकल पकडता, रात्री नऊला दाराशी येता. मधल्या वेळात तुमचे पॅल राबतायत, खातायत, अडकतायत, आणि अडकलेल्याला उचलायला कोणी नाही. खेळताना दहा मिनिटांत तुम्ही ज्याला सोडवलं असतं, तो इथे दिवसभर लटकतो.

यावर साधा उपाय म्हणजे निघताना पॅलना पॅलबॉक्समध्ये आत घ्यायचं. थोडं कंटाळवाणं आहे, पण बेस तुमचा एकट्याचा असेल तर हाच सगळ्यात खात्रीचा. गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, बेस सामाईक असेल तर आधी बोलून घ्या. एकाने सगळे पॅल आत घेतले आणि दुसऱ्याचं धातू वितळवणं अर्ध्यावर राहिलं की भांडणं होतात. आमच्या गटात एकाने ‘माझी भट्टी कोणी विझवली’ म्हणून दोन दिवस कोणाशी धड बोलणं टाकलं होतं.

दुसरा उपाय भुकेचा वेगच कमी करणं. घरच्या जगात हे सोपं: सुरुवातीच्या पडद्यावर जगाच्या सेटिंगमध्ये जा, पॅलच्या भुकेची पट्टी खाली ओढा. चालू असलेल्या जगालाही लागू होतं. याला कोणी चीटिंग म्हणत असेल तर म्हणू दे, पट्टी बनवणाऱ्यांनीच दिलीय.

सर्व्हरवर मात्र फाइल बदलावी लागते आणि तिथे लोक हमखास फसतात. सर्व्हरच्या मुख्य फोल्डरात डिफॉल्ट सेटिंगची एक फाइल समोरच दिसते. ती फक्त नमुना आहे, तिच्यात कितीही आकडे बदला, गेमला पत्ता नसतो. तिच्यातला मजकूर उचलून पॅल, मग सेव्ह्ड, मग कॉन्फिग, मग विंडोजसर्व्हर किंवा लिनक्ससर्व्हर या फोल्डरातल्या पॅलवर्ल्डसेटिंग्ज या आयएनआय फाइलमध्ये टाकायचा. सर्व्हर आधी बंद करा, मग फाइल उघडा.

त्यात पॅलच्या पोटाचा, म्हणजे स्टमकचा, एक शब्द आहे, समोर १ आकडा. तो ०.५ केला की भूक निम्म्या वेगाने लागते. शब्द नीट बघून घ्या: ‘डिक्रीज’चं स्पेलिंग बनवणाऱ्यांनीच वेगळं लिहिलंय, एसच्या जागी सी आहे. ते सुधारायला जाऊ नका, सुधारलेला शब्द गेम ओळखत नाही आणि सेटिंग गुपचूप १ वरच राहते. सगळ्या सेटिंग एका कंसात, एकाच लांबलचक ओळीत असतात; वाचायला सोपं जावं म्हणून मधे एंटर मारलात तर तिथेही घोळ होतो.

एवढं करूनही फरक पडत नसेल आणि तुम्ही घरचं जुनं जग सर्व्हरवर हलवलं असेल, तर सेव्हच्या फोल्डरात वर्ल्डऑप्शन नावाची फाइल आहे का बघा. ती असेपर्यंत आयएनआयला कोणी विचारत नाही. तिची एक प्रत बाजूला ठेवून मूळ फाइल तिथून हलवा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा.

या सर्व्हरची मेमरी चालेल तशी फुगत जाते, हेही ध्यानात ठेवा. मेमरी भरली की सर्व्हर आधी रखडतो, पॅल एका जागी थिजल्यासारखे दिसतात, आणि मग सर्व्हर कोसळतो. कोसळण्याआधी शेवटचं सेव्ह झालं नसेल तर तुम्ही बॉक्समध्ये टाकलेल्या बेरी परत आल्यावर गायब. म्हणजे लक्षण पुन्हा ‘पॅल उपाशी’ हेच, कारण तिसरंच. रोज ठरलेल्या वेळी, सगळे ऑफिसात असताना, सर्व्हर रीस्टार्ट होईल असं लावून ठेवा. घरच्या कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी याचा जोडीदार म्हणजे पावसाळा: जूनच्या पहिल्या सरीत इमारतीचा फ्यूज उडतो आणि सेव्ह अर्धवट राहतं. सेव्हच्या फोल्डरात बॅकअप नावाचं फोल्डर असतं, त्यात जुन्या प्रती असतात. छोटा यूपीएस मात्र घ्याच, तो फक्त या गेमसाठी नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर

मग बेसची जागाच चुकलीय, असं समजा. डोंगरउतारावर किंवा कड्याच्या काठावर बेस बसवला असेल तर कितीही बिछाने सरकवा, पॅल घसरत-अडकत राहणार. धातूची खाण दिसली म्हणून लोक तिथेच पॅलबॉक्स रोवतात, आणि नेमक्या त्या जागा खडकाळ असतात.

बेस मोडायच्या आधी पेट्या रिकाम्या करा, घडवून झालेलं सामान अंगावर घ्या, आणि अंडी उबवणीत असतील तर ती निघेपर्यंत थांबा. पॅलबॉक्स काढला की मागे राहिलेलं बांधकाम हळूहळू मोडकळीला येतं, त्याच्या भरवशावर काही ठेवू नका.

नवी जागा निवडताना सपाटी बघा, बाकी सगळं नंतर. लाकूड-दगड कुठेही मिळतो. खाण हवीच असेल तर लेव्हल वाढल्यावर दुसरा बेस फक्त खाणीसाठी बसवा: पॅलबॉक्स, त्याला जवळजवळ चिकटून फीड बॉक्स, थोडे बिछाने, दोन-तीन खाणकाम करणारे आणि एक वाहतुकीला. भिंती नको, छप्पर नको, शेतही नको. बेरी मुख्य बेसवरून जाताना नेऊन टाकायच्या.